भार कुठे ठेवायचा

शुवैख, कुवेत
८ डिसेंबर १९६३

फखरुआपा,

सलाम. माझा खोकला गेला, जेवण वेळेवर होतं, थंडीला नवा स्वेटर घेतला. एवढं रबियाला वाचून दाखव आणि हे पान इथेच घडी घालून ठेव. पुढचं तुझ्या एकटीसाठी आहे.

काल सिराज आमच्या गॅरेजात आला होता. होय, तोच. पाच वर्षांत या गावात तो मला चारदा तरी दिसला असेल, आणि दर वेळी त्यानेच रस्ता बदलला. काल मात्र सरळ आत आला. मी एका ट्रकखाली पडलो होतो, तिथे वाकून म्हणाला, "अब्बास, गाडीतलं तुझ्याइतकं कळणारा शुवैखात दुसरा नाही असं सगळे म्हणतात. चल, मागचं मागे टाकू या." आपल्या बहिणीला, रबियाला, तलाक देऊन, तिची मुलगी इकडे आणून, दुसरा निकाह लावून हा मनुष्य म्हणतो मागचं मागे! माझ्या हातात मोठा पाना होता. मी तो हळूच खाली ठेवला. मला वाटतं त्याच्या ते लक्षात आलं.

त्याचं काम असं. एक गोरा इंजिनिअर नोकरी संपवून मायदेशी गेला, त्याचा छोटा ट्रेलर सिराजने घेतला आहे. ट्रेलर म्हणजे दोन चाकांवरची खोली. आत दोन पलंग, स्टो, कपाट, खिडकीला पडदेसुद्धा. मोटारीच्या मागे आकड्याला अडकवायची आणि न्यायची. इथे वसंतात वाळवंटात हिरवळ उगवते, तेव्हा अरब लोक तंबू ठोकून राहतात. सिराजचा अरबाब, म्हणजे मालक, दरसाल जहरा गावाच्या पलीकडे जातो. त्याच्या तंबूशेजारी आपली चाकांवरची खोली उभी करायची अशी सिराजची हौस आहे. बायको शरीफा, तिची दोन मुलं, मुनिरा आणि हा स्वतः, अशी पाच माणसं. हल्लीची गाडी छोटी आहे, ती ओढणार नाही. म्हणून घरासाठी कोणती गाडी घेऊ, हा सल्ला.

त्याच्या नजरेत दोन गाड्या आहेत. एक चौकोनी स्टेशन वॅगन, ट्रकच्या चासिसवर बांधलेली. दिसायला पेटाऱ्यासारखी, बसायला कडक, पण मागचे स्प्रिंगचे पाटे जाड आणि चाकांमागची शेपूट आखूड. ओढायला हीच. दुसरी लांबलचक अमेरिकन मोटार, मागे माशासारखे पर, आत गाद्या अशा की माणूस रुतून बसावा. मी म्हटलं, विचार करून सांगतो.

आपा, काय सांगू?

अब्बास

*

दाभोळ
२२ डिसेंबर १९६३

अब्बास,

तुझं पत्र आलं आणि मी चुलीवरचं दूध उतू जाऊ दिलं. विचार करून सांगतो म्हणालास? यात विचार कसला करायचा!

तू तेव्हा कुवेतला होतास, तुला ऐकून माहीत. मी समोर होते. आपल्या जमातीची रीत अशी की मूल सातेक वर्षांचं झालं, समजू लागलं, की त्यालाच विचारायचं, बापाकडे राहतोस की आईकडे. रीत चांगली आहे. पण विचारायच्या आदल्या दिवशी या हरामखोराने मुनिराला भाड्याच्या मोटारीतून दापोलीपर्यंत फिरवून आणली, आणि कानात भरवलं की अब्बाकडे राहिलीस तर रोज मोटार. दुसऱ्या दिवशी चार शहाण्या माणसांसमोर ती चिमुरडी म्हणाली, "अब्बाकडे." रबिया पडद्याआड बसली होती. ती रडलीसुद्धा नाही. उठली आणि मुलीच्या फ्रॉकचं तुटलेलं बटण लावून दिलं. मी आजपर्यंत ते बटण विसरलेले नाही, आणि सिराजने ते विसरावं असं मला मुळीच वाटत नाही.

आपल्या बाबांच्या मचव्यावर पाच वर्षं खलाशी म्हणून राहिला, आपल्या घरचा भात खाल्ला, आणि आपलंच घर पोखरून गेला. त्याला मोटारीची हौस आहे ना? मग घेऊ दे त्याला ती पर लावलेली. मी तुला ब्रेक कापायला सांगत नाही, मला अल्लासमोर उभं राहायचं आहे, माझी आखिरत सांभाळायची आहे. त्याला आवडते तीच गाडी चांगली, एवढंच म्हण. अरबाबासमोर वाळूत रुतून बसू दे. आपल्या दोन पोरांसमोर आणि नव्या बायकोसमोर त्याला ढकलाढकली करावी लागू दे. मला फक्त त्याचं तोंड कसं झालं ते लिहून कळव. बारीकसारीक लिही, मी पुन्हा पुन्हा वाचीन.

रबियाला तुझ्या स्वेटरचं सांगितलं.

फखरुन्निसा

*

शुवैख
१४ जानेवारी १९६४

आपा,

काम झालं. रमजानचा महिना लागतोय आणि मी खोटं बोललो, त्याचं काय व्हायचं ते होवो.

सिराजला मी म्हटलं, "ती चौकोनी गाडी सामान वाहणाऱ्यांची. तुझ्यासारख्याने त्यात बसलेलं बरं दिसत नाही. लांब गाडीचं इंजिन मोठं आहे, ती ट्रेलर अस्सा ओढील." एवढं पुरे झालं. चार दिवसांत गाडी दारात. रंग आकाशी. तो राहतो त्या खैतानच्या गल्लीत ती वळतसुद्धा नाही, तरी तो रोज धुतो.

आता तुला यातली मख्खी सांगतो. आकडा असतो मोटारीच्या अगदी टोकाला. मागची चाकं आणि आकडा यांत जितकं अंतर जास्त, तितका ट्रेलर मोटारीला हलवतो. या गाडीची शेपूट हातभर जास्तच आहे आणि पाटे मऊ. म्हणजे ओढणारा पुढे आणि नाचवणारा मागे. हळू चालवली तर नुसती रुतेल, तुला हवी तशी.

पण परवा आणखी एक झालं. तो आकडा बसवून घ्यायला आला होता. मी विचारलं, सामान कसं भरणार? तर हसून म्हणाला, "तुझ्या बाबांच्या मचव्यावर पाच वर्षं भार भरलाय मी. भार मागे, नाळ हलकी. मला नको शिकवू." आपा, तुला आठवतं ना, बाबा नेहमी जड माल मागच्या अंगाला घ्यायचे. पुढचं टोक, नाळ, उचललेली असली की मचवा लाट चढतो. ट्रेलरचं नेमकं उलटं असतं. जड सामान चाकांच्या पुढे, आकड्याकडे ठेवायचं. मागे भार गेला की आकडा वर उचलतो, मोटारीची मागची चाकं हलकी होतात, आणि जरा वेग घेतला की ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. एकदा लागला की थांबत नाही, मोटारीलाही घेऊन आडवा होतो. मी असे दोन आडवे झालेले पाहिले आहेत.

त्याने पाण्याचे पिंप मागे ठेवून मला दाखवलं. मोटारीची शेपूट अजिबात खाली बसली नाही. म्हणतो, "बघ, कशी सरळ उभी आहे! भार बरोबर असल्याची खूण." ती तर चुकल्याची खूण. आपल्याच किनाऱ्यावरचा माणूस ही चूक करणार, दुसरा कुणी करणार नाही.

मी बोललो नाही. ईदनंतर, २७ फेब्रुवारीला गुरुवारी दुपारी ते निघणार आहेत. आता गोष्ट वाळूत रुतण्यापुरती राहिलेली नाही, हे तुला कळावं म्हणून लिहितो. मला झोप नीट लागत नाही, पण आतून गोड वाटतं हेही खरं आहे.

अब्बास

*

दाभोळ
२८ जानेवारी १९६४

अब्बास,

गप्प राहा.

तू काही केलेलं नाहीस. त्याने विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. शिकवू नको म्हणाला ना? मग नको शिकवूस. बाबांनी शिकवलेलंच त्याला भोवू दे. इतका बरोबर न्याय माणसाला ठरवून करता आला नसता. उलटो ती गाडी, मोडो त्याचे पाय, म्हणजे पुन्हा कुणाच्या मुलीला फिरवायला नेणार नाही.

रबियाने विचारलं, एवढं लांब काय लिहितो अब्बास? मी म्हटलं, तिकडे थंडी फार आहे.

फखरुन्निसा

*

दाभोळ
१७ फेब्रुवारी १९६४

अब्बासभाय यांस रबियाचा सलाम.

हे पत्र मी सांगते आहे आणि नूरजहाँ मास्तरीण लिहिते आहे. ईदच्या दिवशी आपाच्या पेटीतून शीरखुर्म्याची वाटी काढताना तुझी पत्रं सापडली. मला वाचता येत नाही, पण खोकला आणि स्वेटर यांना इतके कागद लागत नाहीत एवढं कळतं. नूरजहाँकडून सगळी वाचून घेतली. आपाने तुला काय लिहिलं असेल तेही त्यावरून कळलं.

तू पहिल्याच पत्रात लिहिलं आहेस, पाच माणसं. नावं घालून लिहिलं आहेस. शरीफा, तिची दोन मुलं, मुनिरा, आणि तो. मी नूरजहाँकडून ती ओळ तीनदा वाचून घेतली. तुम्ही दोघांनी ती एकदा तरी वाचली का? घरची गाडी म्हणतोस. त्या घरात माझी मुलगी राहते.

माझा राग तुमच्यापेक्षा कमी आहे असं समजू नकोस. पाच वर्षं मी त्याला एक दिवस माफ केलेलं नाही. पण माझा बदला तुम्ही घ्यायला निघालात आणि मला विचारलंसुद्धा नाही.

मी गेल्या वर्षी काझीसाहेबांकडे जाऊन आले. आपाला सांगितलं नाही, तिने गावभर केलं असतं. काझीसाहेब म्हणाले, आपल्या रीतीत मुलाला एकदाच विचारतात असं नाही. मूल मोठं झालं आणि त्याचं मन बदललं, तर ते दुसऱ्याकडे जाऊ शकतं. कुणी ते अडवू शकत नाही. मुनिरा आता बारा वर्षांची झाली. मी तिला विचारलं जाण्याची वाट पाहते आहे. माझा बदला तो आहे. ती जिवंत असायला हवी, एवढीच त्याला अट आहे.

हे पत्र मिळेल त्या क्षणी हातातलं काम टाक आणि जा.

रबिया

*

शुवैख
१ मार्च १९६४

रबिया,

हे पत्र नूरजहाँबाईंकडूनच वाचून घे. मुनिरा सुखरूप आहे. आधी हे एवढं ऐक, मग बाकीचं.

तुझं पत्र गुरुवारी दुपारी एक वाजता गॅरेजात आलं. मी तसाच तेलकट हातांनी मालकाची पिकअप घेऊन खैतानला गेलो. ती आकाशी गाडी गल्लीत उभी होती, मागे ट्रेलर. शरीफा पुढे बसलेली, तिची मुलं मागच्या गादीवर. सिराज ट्रेलरच्या पाठीमागे पाण्याच्या पिंपांना दोर आवळत होता. ट्रेलरचं दार उघडं होतं आणि आत पलंगावर मुनिरा पुस्तक वाचत होती.

इथे मला तुला एक सांगायचं आहे, जे मी आपालाही लिहिलेलं नाही. सोमवारी सिराज माझ्याकडे आला होता. सहज म्हणाल्यासारखं म्हणाला, "मोटारीत दाटी होते, मुनिराला ट्रेलरमध्येच बसवणार आहे." मी ऐकलं. तोंडापर्यंत आलं होतं, पण बोललो नाही. मनात म्हटलं, उद्या सांगू. मंगळवारीही तेच, बुधवारीही तेच. तुझं पत्र आलं नसतं तर मी गुरुवारी गेलो असतो का? हो असं लिहायला माझा हात धजत नाही.

मी सिराजला म्हटलं, "गाडी हलवू नकोस. भार चुकीचा भरलाय, आणि गाडीही चुकीची आहे. मी तुला जाणूनबुजून सांगितली." मला वाटलं तो अंगावर येईल. तो दोर आवळत राहिला आणि म्हणाला, "गाडीचं मला ठाऊक आहे. तू तो पाना खाली ठेवलास ना, तेव्हाच मला शंका आली. मी दुसऱ्या दोन गॅरेजांत विचारून घेतलं, दोघांनी चौकोनी सांगितली. पण ही मला आवडली, म्हणून घेतली. जपून चालवीन म्हटलं."

"आणि भाराचं?"

"ते माहीत नव्हतं. पण तू आणखी काहीतरी पोटात ठेवलं आहेस हे दिसत होतं. म्हणून सोमवारी येऊन सांगून गेलो, मुनिरा ट्रेलरमध्ये बसणार. म्हटलं, काही खोट असेल तर मामा बोलेल. आपल्या भाचीला कोण मरू देईल? तीन दिवस तू बोलला नाहीस. मी धरलं, सगळं ठीक आहे." मग माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं, "मला वाटलं होतं त्याहून तू पक्का निघालास."

रबिया, त्या माणसाने माझा खरेखोटेपणा पारखायला तुझी मुलगी मागे ठेवली होती. आणि मी पारखला गेलो.

मुनिरा दारात उभी होती. सगळं ऐकलेलं. ती आता मराठी अडखळत बोलते, राग आला की इंग्रजीच येतं. म्हणाली, "आय ॲम नॉट लगेज, अब्बा." मग माझ्याकडे वळली. "मामू, यू न्यू? ठाऊक होतं? सोमवारपासून?" मी होकाराची मान हलवली.

तेवढ्यात शरीफा गाडीतून उतरली. सिराजला म्हणाली, "मी म्हटलं होतं ना, मुलं मागे ट्रेलरमध्ये खेळू देत, तर तुम्ही ओरडलात. माझी नकोत, आणि ही चालते?" तिने मुनिराचा हात धरला आणि शेजारच्या अस्माबाईंच्या घरी घेऊन गेली. सिराज हाका मारत होता. मी ते पिंप एकेक करून उतरवले, कारण गल्लीत पोरं खेळत होती आणि ट्रेलर ढाळावर होता.

मुनिरा अस्माबाईंकडेच आहे. तुझ्या काझीसाहेबांचं म्हणणं मी इथल्या आपल्या चार वडीलधाऱ्यांच्या कानावर घातलं. येत्या शुक्रवारी नमाजनंतर ते तिला विचारणार आहेत. सिराज म्हणतो, पाच वर्षं मी खाऊ घातलं, शाळेत घातलं, ती माझंच नाव घेईल. तिने मला अजून एक शब्दही सांगितलेला नाही. फक्त एक मागितलं, ते मी दिलं. काय ते तिचं ती सांगेल.

मला माफ कर असं लिहीत नाही. जमलं तर कर.

अब्बास

*

दाभोळ
१९ एप्रिल १९६४

अब्बास,

मुलगी पोचली, त्याला दहा दिवस झाले. मुंबईपर्यंत अस्माबाईंची नणंद होती, पुढे रबिया आणि नूरजहाँ तिला घेऊन आल्या. मला नेलं नाही. मी दारात उभी होते.

उंच झाली आहे. केस कापलेले, आपल्याकडे चार बायका बघून कुजबुजल्या, मी त्यांना तोंडावर सुनावलं. रबियाने तिला जवळ घेतलं तेव्हा दोघीही रडल्या नाहीत. रबिया नुसती तिचे हात उलटसुलट करून बघत होती. मी मात्र रडले. पाच वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते हेच होतं असं मला वाटलं. सिराजने तिला मोटार दाखवून नेली आणि ती स्वतःच्या पायांनी परत आली, आणि तेही तिथल्या चार माणसांसमोर, त्याच्या तोंडावर, "अम्माकडे" म्हणून. याहून मोठी चपराक कुणी कुणाला मारली नसेल. मी खीर केली. वाड्या-वाड्यांत वाटली.

जेवणं झाल्यावर ती तिची बॅग घेऊन माझ्यासमोर बसली आणि दोन कागद काढले. माझी पत्रं. तू दिलीस तिला. पत्रांचं तूच तिला सांगितलंस, आणि तिने मागितली म्हणून दिलीस, असं म्हणशील. द्यायला तुझा हात कसा वळला, ते एकदा समोर येऊन सांग.

इथल्या शाळेत दोन इयत्ता शिकून गेली होती, तेवढ्यावर अक्षर अक्षर जोडत तिने मला माझंच पत्र वाचून दाखवलं. "उ-ल-टो ती गाडी." तिथे थांबली. म्हणाली, "खाला, हे तुमचं अक्षर?"

मी रागात लिहिलं, असं म्हणता आलं असतं. तुझ्या आईसाठी लिहिलं, असंही म्हणता आलं असतं, ते खरंही होतं. रबिया समोर बसली होती, ती माझी सुटका करायला काही बोलली नाही.

मी म्हटलं, "हो. माझंच."

"मी गाडीत असणार हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पत्रात होतं. माझ्या लक्षात आलं नाही."

तिने कागदांची घडी घातली आणि बॅगेत परत ठेवली. म्हणाली, "अम्मा करायला सांगते आहे तोवर मी तुम्हाला सलाम करीन." तेव्हापासून सलाम करते. सकाळ-संध्याकाळ, अगदी नियमाने. याखेरीज दहा दिवसांत माझ्याशी एक शब्द नाही. मी वाढलं तर ताट सरकवत नाही, जेवते. पण दुसऱ्यांदा मागत नाही.

तुला खरं सांगते, अब्बास, मला तरीही सिराजची दया येत नाही. कधी येणार नाही. उलट एकच गोष्ट मनातून जात नाही. ती त्या चार माणसांसमोर "अम्माकडे" म्हणाली तेव्हा त्याचं तोंड कसं झालं? पांढरं पडलं? उठून गेला? काही बोलला का? पाच वर्षं मी त्या एका क्षणासाठी जगले आणि मी तिथे नव्हते. रबियाला विचारावं तर तिने पाहिलेलं नाही. पाहिलं ते या मुलीने, आणि तिला मी विचारू शकत नाही.

तू होतास तिथे. सगळं नीट लिहून पाठव, काही गाळू नकोस.

नाही, थांब. लिहू नकोस. पोस्टमन आला की आता तीच धावत जाते. या घरात आलेली पत्रं हल्ली मुनिरा रबियाला वाचून दाखवते.

फखरुन्निसा